दुपारचा डबा आणि महिन्याचा हिशेब

दिवाळीनंतरची गोष्ट आहे. एका पतसंस्थेत रोखपाल म्हणून काम करणारे गृहस्थ पायाच्या अंगठ्याची जखम दाखवायला दवाखान्यात आले. वय ४६. नवी चप्पल लागली होती, साधा फोड. पण पंधरा दिवस झाले तरी तो भरत नव्हता आणि कडेने काळपटपणा दिसू लागला होता. पाच वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे आणि जोडीला रक्तदाब. उपाशीपोटीची साखर तपासली, ती २३६ निघाली.

"गोळ्या चालू आहेत ना?" मी विचारले.

"चालू आहेत."

पाकिटे दाखवा म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून ती काढली. महिन्यापूर्वी पंधरा-पंधरा गोळ्यांची दोन पाकिटे घेतली होती. त्यातले एक अजून फोडलेलेही नव्हते. म्हणजे रोजची गोळी एक दिवसाआड चालली होती. मी डॉक्टरी खाक्याप्रमाणे चांगला आवाज चढवला. पायाचे काय होऊ शकते ते जरा रंगवूनच सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मग खाली बघत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलगी बारावीला आहे. क्लासची फी भरतोय. महिन्याला ६८० रुपयांच्या गोळ्या होतात. कुठेतरी काटकसर करायलाच पाहिजे ना?"

यावर मला लगेच उत्तर सुचले नाही. पगार १८ हजार. घरभाडे, किराणा, फी. काटकसर करायला जागा होती तरी कुठे? सहज म्हणून विचारले, "दुपारी काय खाता?"

मग जे कळले ते केसपेपरच्या पाठीमागे लिहीत गेलो. दुपारी दोनला संस्थेसमोरच्या हॉटेलात मिसळ किंवा राइस प्लेट. कधी ६० रुपये, कधी ९०, सरासरी ७० धरू. संध्याकाळी पाचला सगळे मिळून भजी किंवा सामोसे मागवतात, त्याचे २० रुपये. चहा यात धरला नाही, कारण डबा आणला तरी चहा सुटणार नाही, हे मला माझ्यावरूनच ठाऊक आहे. रोजचे झाले ९० रुपये. महिन्याचे कामाचे दिवस २५. म्हणजे २,२५० रुपये.

त्यांनी तो आकडा दोनदा वाचला. दिवसभर लोकांच्या नोटा मोजणारा माणूस, पण स्वतःच्या खिशातून रोज जाणाऱ्या ९० रुपयांची बेरीज त्यांनी कधी केली नव्हती. आपण कोणीच करत नाही. एकदम दोन हजार द्यावे लागले तर हात आखडतो, पण वीस-तीस करून गेलेले पैसे खर्चात धरले जात नाहीत.

त्यांच्या परवानगीने ही हकिगत लिहीत आहे. नावगाव अर्थातच गाळले आहे.

डब्याला किती पडते?

आता घरच्या डब्याचा हिशेब करू. भाव आमच्या पेठेतले आणि हे लिहितानाचे आहेत. तुमच्या गावात दोन-चार रुपयांचा फरक पडेल. दोन भाकरींना १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते, त्याचे ५ रुपये. मटकीची उसळ करायची तर कोरडी मटकी ३० ग्रॅम, ४ रुपये. पालेभाजी किंवा वांगी, दोडका असे काही १०० ग्रॅम, ६ रुपये. शेंगाच्या चटणीला १५ ग्रॅम दाणे, २ रुपये. तेल दोन चमचे, दीड रुपया. कांदा, मसाला, गॅस यांचे मिळून ५ रुपये. बेरीज साडेतेवीस होते, आपण २५ धरू. संध्याकाळच्या भज्यांऐवजी फुटाणे आणि एखादा पेरू, त्याचे १० रुपये. दिवसाचे ३५, महिन्याचे ८७५.

दोन्हींतला फरक महिन्याला १,३७५ रुपये आणि वर्षाला साडेसोळा हजार. पगाराचा तेरावा हिस्सा! महिन्याच्या ६८० रुपयांच्या गोळ्या आणि दर तीन महिन्यांनी करायची ४०० रुपयांची रक्ततपासणी, एवढे यातून भागून वर साडेपाचशेच्या आसपास शिल्लक राहते. याशिवाय जनऔषधी केंद्रात याच गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. तेही त्यांना लिहून दिले. रोगाच्या गोळ्या बंद करून वाचवलेला पैसा पुढे कितीतरी पटीने द्यावा लागतो. मधुमेहाची जखम चिघळून बोट काढण्याची वेळ आली, तर शस्त्रक्रियेचा खर्च आणि बुडालेला पगार यांपुढे क्लासची फी काहीच नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चांगला स्टीलचा, झाकण घट्ट बसणारा डबा घ्यायचा म्हणजे चारपाचशे रुपये जातात. पहिल्या महिन्याची बचत त्यामुळे कमी दिसते. पण स्टीलचा डबा दहा वर्षे टिकतो. आमच्या घरी एक आहे, त्यावर घातलेले नाव अजून वाचता येते.

खाण्यात फरक काय पडतो?

हॉटेलवाल्यांवर माझा राग नाही. त्यांतले कितीतरी माझे रुग्ण आहेत आणि महिन्यातून एकदा झणझणीत मिसळ मीही खातो. प्रश्न रोजचा आहे. जे पोटात रोज जाते, त्याचा हिशेब शरीर ठेवते.

दोन वडापाव घ्या. त्यांतून साधारण सहाशे उष्मांक मिळतात. वर सांगितलेल्या भाकरी, उसळ, भाजी, चटणीतूनही तेवढेच मिळतात. म्हणजे ऊर्जा सारखीच. पण डब्यातून २०-२२ ग्रॅम प्रथिने मिळतात, वडापावातून जेमतेम त्याच्या निम्मी. तंतुमय पदार्थांचा तर प्रश्नच नको. पाव मैद्याचा, भाजी बटाट्याची. दोन्हींचे पिष्ट लवकर पचते आणि रक्तातली साखर झपाट्याने वर जाते. मग तीन-साडेतीनला डोळे मिटू लागतात, पाचला पुन्हा भूक लागते आणि भज्यांची ऑर्डर जाते. भाकरी आणि मटकी पोटात हळूहळू पचतात. साखर सावकाश चढते आणि भूकही उशिरा लागते. मधुमेह नसणाऱ्यालाही याचा फायदा असतोच.

दुसरी गोष्ट तळणाच्या तेलाची. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्याचे विघटन होऊन शरीराला घातक पदार्थ तयार होतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले तर ते तेल वापरू नये, असा नियम देशात १ जुलै २०१८ पासून लागू आहे. वनस्पती तूप आणि तेलांतल्या ट्रान्स फॅट या घातक स्निग्धांशावरही जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली. नियम चांगले आहेत. पण चौकातल्या कढईपाशी रोज कोण मोजायला बसणार? तेल काळे पडलेले असेल, त्यावर फेस येत असेल, धूर लवकर निघत असेल, तर एवढ्यावरून ओळखावे आणि पुढे चालू लागावे. घरी दोन चमचे तेलात भाजी होते आणि ते तेल कोणते, ते आपल्याला माहीत असते.

तिसरे मीठ. प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक छोटा सपाट चमचा, एवढेच मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फरसाण, शेव, पापड, लोणचे, रस्सा, अगदी पावातसुद्धा मीठ असते. रक्तदाबाच्या रुग्णाला मी गोळीचा डोस वाढवायचा आणि त्याने दुपारी फरसाणाची मूठ वाढवायची, असा खेळ अनेक घरांत वर्षानुवर्षे चालू आहे.

डब्याचा आणखी एक फायदा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, तो वेळेचा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन घेतल्यावर जेवण वेळेवर व्हावेच लागते. हॉटेलात गर्दी आहे, साहेबांनी बोलावले आहे, असे करत दोनचे जेवण साडेतीनवर गेले की साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड. अशा वेळी ताबडतोब तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि नंतर जेवू घालावे. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला दवाखान्यात हलवावे. टेबलाच्या खणात डबा असला की ही वेळ सहसा येत नाही.

डबा म्हणजे आपोआप सकस, असे मात्र समजू नका. एका कार्यालयात आरोग्य तपासणीला गेलो होतो, तेव्हा दुपारी सगळ्यांबरोबर जेवायला बसलो. वीस-पंचवीस डबे उघडले. चपाती आणि बटाट्याची भाजी, चपाती आणि लोणचे, पुऱ्या, साबुदाण्याची खिचडी, चपातीला साखर-तूप लावून केलेली गुंडाळी. एका डब्यातल्या वांग्यावर तर बोटभर तेल तरंगत होते. पालेभाजी मोजक्याच डब्यांत. अशा डब्याने पैसे वाचतील, प्रकृतीला फार फरक पडणार नाही. साधी खूण लक्षात ठेवा. डब्यात भाजीचा कप्पा चपातीच्या कप्प्याएवढाच मोठा असावा आणि डाळ, उसळ, अंडे, दही, पिठले यांपैकी काहीतरी एक रोज असावे. काकडी, मुळा, गाजर वेगळे न्यावे, आणि चिरून न नेता अख्खे. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, जवसाची, कारळाची चटणी हे गरिबाचे खाणे समजले जाते आणि मैद्याचा पाव प्रतिष्ठेचा. हा उलटा न्याय कोणी लावला कोण जाणे.

भरणार कोण?

इथपर्यंत सांगून मी त्या गृहस्थांना पाठवले आणि आपण फार चांगला सल्ला दिला अशा समाधानात राहिलो. पुढच्या आठवड्यात पट्टी बदलायला ते आले तेव्हा त्यांची पत्नीही बरोबर होती. खुर्चीवर बसायच्या आधीच त्या म्हणाल्या,

"डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितलं म्हणून हे घरी येऊन म्हणाले, उद्यापासून मला डबा दे. मी साडेपाचला उठते. पाणी भरते, मुलीचा डबा करते, नऊला कापडाच्या दुकानात हजर. दिवसभर उभी. माझा डबा कोण भरतं, ते विचारलंत का तुम्ही?"

नव्हते विचारले. इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीत किती जणांना "घरचा डबा नेत जा" म्हणून सांगितले असेल, पण तो डबा कोणाच्या झोपेतून निघणार, याचा विचार केला नव्हता. माझ्या स्वतःच्या घरी वर्षानुवर्षे माझा डबा भरला गेला आणि डब्याची झाकणे कुठल्या फळीवर असतात, ते मला अजूनही शोधावे लागते.

"वहिनी, तुम्ही दुपारी काय खाता?" मी विचारले.

दुपारी एकला दुकानात चहा आणि दोन बटरं. घरी गेल्यावर चार वाजता उरलेसुरले. त्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या तर आतून कागदासारख्या पांढऱ्या. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.१. बाईमाणसाला ते १२ तरी असायला हवे. जिना चढताना धाप लागते, पाय ओढतात, हे त्यांनी विचारल्यावर सांगितले. एरवी सांगितले नसते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्या पाहणीतला आकडा माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला होता आणि मी नवऱ्याच्या डब्याबद्दल बोलत होतो.

मग तिथेच बसून नव्याने ठरवले. एक नाही, तीन डबे. नवऱ्याचा, बायकोचा, मुलीचा. तिन्हींत तेच. एका डब्यासाठी भाजी करायला जो वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्यातच तिघांची होते. खर्चही माणशी कमी येतो, कारण पालेभाजीची जुडी एकट्याला जास्त होते आणि उरलेली वाया जाते. कामाची वाटणीही झाली. रात्री जेवणानंतर भाजी निवडणे आणि चिरणे नवऱ्याकडे. मटकी, मूग, हरभरे भिजत घालणे, मोड आणणे हेही त्यांच्याकडेच. त्याला कौशल्य लागत नाही, आठवण लागते. रविवारी दाणे भाजून चटणी कुटण्याचे काम मुलीचे. कणीक रात्री भिजवून शीतकपाटात ठेवायची. सकाळी वहिनींनी चपात्या किंवा भाकरी आणि फोडणी एवढेच पाहायचे. डबे भरणे आणि संध्याकाळी आल्यावर ते घासणे ज्याचे त्याने.

गृहस्थ जरा कां-कूं करत होते. चाळिशी उलटलेला माणूस भाजी चिरताना शेजाऱ्यांनी पाहिले तर, अशी शंका असावी. मी त्यांना म्हटले, तुमच्या पायाला विश्रांती सांगितली आहे, बसून करायचे काम आहे, औषध समजून करा.

वहिनींना लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एक पथ्य सांगितले, ते सगळ्या वाचक भगिनींनी ध्यानात ठेवावे. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्याझाल्या चहा घेऊ नये, मध्ये तासभर तरी जाऊ द्यावा. चहामुळे अन्नातले लोह शरीराला नीट मिळत नाही. त्याऐवजी डब्यात लिंबाची फोड असावी. लिंबू, पेरू, आवळा यांतल्या क जीवनसत्त्वामुळे पालेभाजी आणि उसळीतले लोह चांगले शोषले जाते. दोन बटरं आणि चहा यांत लोह जवळपास नाहीच, आणि जे आहे तेही चहा अडवतो.

मुंबईत १८९० पासून डबेवाले आहेत. लोक घरून पहाटे गाडी पकडतात, स्वयंपाक मागाहून होतो आणि डबा दुपारपर्यंत कचेरीत पोचतो. आपल्या गावात ती सोय नाही आणि तिची गरजही नाही. घर ते कचेरी दोन किलोमीटर. पण स्वयंपाकाची वेळ आणि निघण्याची वेळ यांची गाठ इथेही पडत नाही, आणि ती रात्रीच्या तयारीनेच पडते.

डबा खराब का होतो?

सकाळी सातला केलेले अन्न दुपारी दीडला खायचे म्हणजे मध्ये साडेसहा तास. आपल्याकडचा उन्हाळा ४२ अंशांवर जातो. अन्नातले जंतू ५ ते ६० अंशांच्या दरम्यान वाढतात आणि ३५-४० अंशांना तर त्यांचा सुकाळ असतो. मोटारसायकलची डिकी उन्हात तापली की आत भट्टी होते. तिथे डबा ठेवून चार तासांनी खाणारे लोक मला जुलाबाच्या तक्रारीने भेटतात आणि दोष पाण्याला देतात. डबा कचेरीत नेऊन सावलीत, माठाशेजारी किंवा हवेशीर जागी ठेवावा.

ज्या पदार्थात पाणी जास्त तो लवकर बिघडतो, एवढे तत्त्व कळले की बाकीचे आपसूक कळते. चपाती, भाकरी, कोरडी भाजी, कोरडी चटणी टिकतात. रस्सा, ओल्या नारळाची चटणी, शिजवलेली डाळ, बटाट्याची ओली भाजी लवकर आंबतात. उन्हाळ्यात उसळ न्यायची तर ती सुकी परतून न्यावी, रस ठेवू नये. प्रवासाला निघताना आपल्या आज्या दशम्या आणि धपाटे करत. दशमीत पाण्याऐवजी दूध घालून पीठ मळतात. ती मऊ राहते आणि दिवसभर बरोबर नेता येते.

भाताबद्दल वेगळे सांगतो. कच्च्या तांदळात एका जातीच्या जंतूंची बीजे असतात आणि ती शिजवूनही मरत नाहीत. भात शिजून कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवायचा, सकाळी फोडणी द्यायची आणि डब्यात भरायचा, ही सवय सोडावी. रात्रीचा भात उरलाच तर तो पसरट भांड्यात लवकर गार करून शीतकपाटात ठेवावा आणि सकाळी चांगला वाफवून घरीच नाश्त्याला संपवावा. डब्यासाठी भात हवाच असेल तर सकाळी ताजा करावा, आणि उन्हाळ्यात तोही टाळलेला बरा.

गरमगरम अन्न भरून लगेच झाकण लावले की वाफेचे पाणी होते आणि चपात्यांना चिकटपणा येतो. त्या पाण्यानेच अन्न आंबते. पंख्याखाली पाच-दहा मिनिटे उघडे ठेवून मग झाकण लावा. मात्र तासभर उघडे ठेवून माश्यांच्या स्वाधीन करू नका. दही न्यायचे तर सोपी युक्ती आहे. कोमट दुधाला विरजण लावून ते छोट्या डबीत घालून न्यावे. दुपारपर्यंत तिथेच दही लागते आणि ते आंबटही होत नाही.

माझे वडील गिरणीत होते. त्यांचा डबा पितळी, तीन कप्प्यांचा. दर दोन-तीन महिन्यांनी कल्हईवाला येई तेव्हा आई आधी तो डबा काढून देई. कल्हई उडालेल्या पितळेत ताक, चिंच, टोमॅटो यांसारखे आंबट ठेवले की तांबे अन्नात उतरते, मळमळ आणि उलट्या होतात. ॲल्युमिनियमच्या डब्यातही आंबट पदार्थ ठेवू नयेत. प्लास्टिकच्या डब्यात गरम भाजी घालू नये, त्यातली रसायने तेलकट अन्नात उतरू शकतात. आइस्क्रीमचे किंवा श्रीखंडाचे रिकामे डबे तर डब्यासाठी वापरूच नयेत. स्टीलचा डबा सर्वांत निर्धोक.

आणि चपात्या वर्तमानपत्रात गुंडाळू नका. ज्या कागदावर हा लेख छापला आहे, त्या कागदाबद्दल असे लिहिताना संपादकांची क्षमा मागतो. छपाईच्या शाईत शिसे आणि इतर घातक द्रव्ये असू शकतात आणि गरम, तेलकट अन्नात ती उतरतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२३ मध्ये याबद्दल सावध केले होते. वडापाव आणि भजीसुद्धा अजून कागदातच मिळतात, ते दुकानदाराला आपणच सांगितले पाहिजे. चपात्यांना धुतलेला सुती रुमाल पुरतो. तो रोज धुवायचा मात्र.

कचेरीत डबा आणायला काही जणांना लाज वाटते, असाही अनुभव आहे. "चिकट माणूस, हॉटेलात येत नाही" असे शेरे पडतात. आमच्या रोखपालांवरही पडले. त्यांनी पहिल्या आठवड्यात शेंगाची चटणी जरा जास्त नेली आणि सगळ्यांना वाढली. तिसऱ्या आठवड्यात आणखी दोघांचे डबे आले. आता पाचची भजी आठवड्यातून एकदा, शनिवारी मागवतात. एवढ्याला माझी हरकत नाही.

मागच्या महिन्यात तिघेही तपासणीला आले होते. अंगठा भरून आला आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी तपासणी असते, ती ९.६ होती, ती ७.४ वर आली. हे सगळे श्रेय डब्याचे नाही. रोज न चुकता घेतलेल्या गोळ्यांचे ते अधिक आहे, पण त्या गोळ्यांचे पैसे डब्यातून आले. वहिनींचे हिमोग्लोबिन १०.४ झाले. ते १२ झाल्यावरही शरीरातला साठा भरून निघावा म्हणून आणखी तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतील, तेव्हा त्यांना लगेच बंद करू नका असे बजावले. जिना चढताना आता धाप लागत नाही म्हणाल्या. भाजी अजून त्यांचे यजमानच चिरतात. मेथी निवडायला तासभर लागतो आणि काड्या तशाच राहतात, अशी त्यांची तक्रार आहे. मेथीच्या कोवळ्या काड्या खाल्लेल्या चालतात, त्यात तंतुमय पदार्थच असतात, असे मी त्यांना सांगितले.